छद्म आणि छप्पर

संस्कृत कोशांत ‘छद्मन्’ या शब्दापुढे दोन अर्थ सापडतात. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा: कपट, सोंग, खोटा वेश. अमरकोशानेही हा शब्द कपटाच्या पर्यायांतच बसवला आहे. दुसरा अर्थ मात्र थबकायला लावतो: छप्पर. दोन्ही अर्थ ‘छद्’ म्हणजे झाकणे या एकाच धातूतून निघाले. छत्र, छत्री, आच्छादन ही त्याच घरातली भावंडे. लष्करी कॅमोफ्लाजला मराठीत कुणी ‘छद्मावरण’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सोंगच असते, छप्पर नसते. पण जुने चट्टेपट्टेरी गणवेश आणि शिरस्त्राणांच्या खोळी जमवणाऱ्याने हा दुसरा अर्थ विसरू नये. या कापडाचा माग काढत मागे गेले, की शेवटी हाती अंगरखा लागत नाही, तंबू लागतो. माझे म्हणणे असे की छापील छद्मकापड वस्त्र म्हणून जन्मलेच नाही. ते आधी छप्पर होते, मग पांघरूण झाले, आणि त्यानंतरच कात्री लागून त्याची खोळ नि अंगरखा झाला.

प्रसिद्ध टप्पे एका दमात सांगता येतात. १८४०च्या दशकात पेशावरकडच्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने मातकट खाकी रंग स्वीकारला. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने गिरां द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली कॅमोफ्लाजचे खास पथक उभे केले. तोफा, गाड्या, टेहळणीच्या जागा रंगवल्या गेल्या. हे सगळे खरे आहे, पण यात छापील कापडाचा गणवेश कुठेच नाही. खाकी हा एकच सपाट रंग. चित्रकारांनी हाताने रंगवलेले मोजके अंगरखे म्हणजे एकेक सुटे चित्र. कारखान्यात थानाच्या थान छापलेले, सैनिकागणिक वाटलेले कापड ही वेगळीच वस्तू आहे आणि तिचे कूळही वेगळे आहे.

त्या कुळाचा मूळ पुरुष इटलीत सापडतो. १९२९ साली इटलीच्या लष्कराने गेरू, हिरवा आणि तपकिरी अशा तीन रंगांचे ठिगळदार कापड छापले आणि त्याचे नाव ठेवले ‘तेलो मिमेतिको’. तेलो म्हणजे कापडाचा पन्ना. तो कशासाठी होता? तंबूसाठी. सैनिकाने पाठीवर वाहायचा, इतरांच्या पन्न्यांना जोडून राहुटी उभारायची, पाऊस आला तर अंगावर घ्यायचा. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, जर्मन लष्कराने धारदार कोनांच्या ढलप्यांसारखी नक्षी काढली. तिचे नाव ‘श्प्लिटरमुस्टर’, आणि तीही छापली गेली ‘त्सेल्टबान’वर, म्हणजे तंबूच्या त्रिकोणी पन्न्यावर. चार सैनिकांचे चार त्रिकोण गुंड्यांनी जोडले की चौघांचा तंबू उभा राही. एकेकटा त्रिकोण अंगावर घेतला की त्याचाच पावसाळी झगा होई. एका बाजूला गडद छपाई, दुसऱ्या बाजूला फिकट. १९३८ मध्ये हंगेरीने छद्मकापड काढले, तेही तंबूच्या पन्न्यासाठीच. शेजारच्या तीन सैन्यांची सुरुवात तंबूपासूनच व्हावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

असे का झाले असावे? गणवेश ही मानाची बाब. त्याचा रंग, त्याची कॉलर, त्यावरची फीत यांत पलटणीचा इतिहास गुंतलेला असतो, आणि तो बदलायचा म्हटले की वरपासून खालपर्यंत कुरकुर होते. तंबू मात्र कोठारातला जिन्नस. त्याच्यावर काहीही छापले तरी कुणाचा मान दुखावत नाही. शिवाय पहिल्या महायुद्धाने विमानातून पाहणारा डोळा दिला होता आणि वरून आधी दिसतो तो तळ, माणूस नंतर. तंबूचे कापड सपाट आणि मोठे असते, त्यामुळे मोठी नक्षी त्यावर न तुटता बसते. बाही, खिसा, काखेची शिवण यांत तिचे तुकडे होतात. म्हणून छद्मकापड लष्करात शिरले ते कपड्यांच्या कपाटातून नव्हे, तर कोठाराच्या दारातून.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप विमानांचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मन विमानांच्या पंखांवर बहुरंगी बहुकोनांचे छापील कापड ताणले जात होते. १९१८च्या जुलैमध्ये जर्मन सेनानी लुडेनडॉर्फच्या सहीने निघालेल्या आदेशानुसार पोलादी शिरस्त्राणांवर हिरवे, गेरूचे आणि गंजाच्या रंगाचे तुकडे रंगवायचे होते आणि त्यांच्यामध्ये बोटभर जाडीची काळी रेघ ओढायची होती. १९३१च्या ढलपी नक्षीत या दोघांचा चेहरा दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप माझ्या बाजूनेच बोलतो. विमानाचा पंख, तोफेची नळी, पोलादी टोप या सगळ्या वस्तू आहेत. नक्षी आधी वस्तूंवर बसली आणि तंबू ही अशी पहिली वस्तू होती जी गरज पडली की अंगावर घेता येत होती. वस्तू आणि वस्त्र यांच्यामधला पूल म्हणजे हा पन्ना. पंखाचे कापड त्याचे आजोबा असेल. पण अंगरख्याचा बाप तंबूच.

दुसरा आक्षेप ब्रिटिश बाजूचा. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना मिळालेला ‘डेनिसन स्मॉक’ रुंद कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा होता आणि त्याच्यामागे तंबू नव्हता. हे मान्य करायलाच हवे. चित्रकारांचे घराणे वेगळे आहे. सेव्होलाच्या पथकापासून निघालेला कुंचला डेनिसनपर्यंत आला, तिथून १९४७ नंतरच्या फ्रेंच ‘सरडा’ नक्षीत गेला आणि तिथून व्हिएतनामच्या ‘वाघपट्ट्यां’त पोहोचला. तेव्हा कुळे दोन धरावीत, कुंचल्याचे आणि तंबूचे. पण दुतोंडी छपाई, शिरस्त्राणाची खोळ आणि थानांवरची पुनरावृत्ती ही लक्षणे जिथे एकत्र दिसतात, तिथे बहुधा तंबूचेच रक्त असते.

पुरावा कापडातच आहे. वाफेन-एसएस या नाझी सशस्त्र संघटनेच्या अंगरख्यांवर आणि शिरस्त्राणांच्या खोळींवर ‘चिनाराच्या सालीची’ म्हणून ओळखली जाणारी नक्षी सापडते आणि काही खोळींवर मधेच एखादा छापील आकडा दिसतो. खोळीला आकड्याचे काय काम? तंबूच्या पन्न्यांवर मात्र असे आकडे छापलेले असत; जुळणाऱ्या आकड्यांचे पन्ने जोडले की नक्षी शिवणीपार सलग दिसावी, हे संग्राहकांनी स्वीकारलेले स्पष्टीकरण. म्हणजे ती खोळ तंबूसाठी छापलेल्या कापडातून कापली गेली. या वस्तू जमवणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने १९४६ मध्ये ही संघटना गुन्हेगार ठरवली. कापडाचा इतिहास सांगताना तो निकाल वगळणे अप्रामाणिक ठरेल. पुढचा पुरावा इटलीचा. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रसंधी केली आणि तेलो मिमेतिकोचे साठे जर्मनांच्या हाती पडले. १९४४च्या नॉर्मंडीतल्या छायाचित्रांत जर्मन सैनिक त्याच कापडाचे कपडे घातलेले दिसतात. १९२९चा तंबूचा पन्ना आता दुसऱ्याच देशाचा अंगरखा झाला होता. हीच नक्षी इटलीच्या सैन्यात १९९०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली.

अमेरिकेचे उदाहरण जरा अडचणीचे आहे. तिथे १९४२च्या ‘बेडूकसाल’ नक्षीचा जंगलातला पोशाख आधी आला. इथे तंबू पहिला नाही, हे खरे. पण १९५० नंतर मरीन सैनिकांसाठी आलेल्या ‘मिचेल’ नक्षीत गाडी पुन्हा जुन्या चाकोरीवर आली. पानांची एक बाजू आणि तपकिरी ढगांची दुसरी बाजू असलेले ते कापड नियमित वाटपात होते दोनच कामांसाठी: तंबूचा अर्धा पन्ना आणि शिरस्त्राणाची खोळ. व्हिएतनाममधला अमेरिकी सैनिक डोळ्यांपुढे आणा. बहुतेकांच्या अंगात साधे हिरवे कपडे, डोक्यावर मात्र पानापानांची खोळ. सगळ्या दलांना सरसकट चट्टेपट्टेरी गणवेश मिळायला १९८१ उजाडले. तोपर्यंत नक्षी राहिली ती मुख्यतः छपरावर आणि डोक्यावर.

आता शब्दाकडे वळू. खरा वाद तिथेच आहे. फ्रेंच ‘कामुफ्ले’ म्हणजे वेश बदलणे हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चोरांच्या बोलीत होते आणि इंग्रजीत हा शब्द पहिल्या महायुद्धात शिरला. पण फ्रेंचांनी तो आणला कुठून? एक मत सांगते, ‘कामुफ्ले’ असाच उच्चार होणाऱ्या एका जुन्या नामापासून. झोपलेल्याच्या नाकासमोर कागदाची पेटती सुरळी धरून धूर फुंकायचा, ही चेष्टा त्या नावाने ओळखली जाई. पुढे शत्रूचा भुयारी मार्ग ढासळवणाऱ्या छोट्या सुरुंगालाही तेच नाव मिळाले. धूर आणि लपणे यांची जोडी मोहक आहे आणि उच्चाराचे साम्य तर बिनतोड. दुसरे मत इटालियन ‘कामुफ्फारे’कडे बोट दाखवते. त्या क्रियापदाचा अर्थ वेश पालटणे, आणि एका जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे ते ‘कापो’ म्हणजे डोके आणि गुंडाळणे अशा जोडीतून बनले.

माझा कौल इटलीला आहे. धुराच्या नामाला वेशांतराचा अर्थ मुळात नव्हता. तिथे दुसऱ्याचे डोळे चुरचुरतात, स्वतःचा चेहरा लपत नाही. कामुफ्फारेत मात्र तो अर्थ आधीपासून तयार होता. अर्थ तयार असलेला शब्द सोडून केवळ आवाज जुळणाऱ्या शब्दातून अर्थ पिळून काढायचा, ही व्युत्पत्तीची उलटी चाल झाली. धुराच्या शब्दाने नव्या शब्दाचा घाट पक्का केला असेल, इतके त्याला द्यावे. यावर विचारता येईल, की शब्द इटलीचाच, तर १९२९ मध्ये इटालियनांनी आपल्या कापडाला ‘मिमेतिको’ का म्हटले? बहुधा कामुफ्फारेला सोंगाचा, लबाडीचा वास होता म्हणून. ‘मिमेतिको’ मात्र ग्रीक मूळचा, अनुकरणाचा आणि फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञांच्या तोंडातला शब्द. सरकारी कोठाराला तो शोभतो.

जर्मनांनी तर नाव थेट पुराणकथेतून घेतले. ‘टार्नुंग’ म्हणजे लपवणूक; आणि त्या शब्दामागे उभी आहे ‘टार्नकापे’. निबेलुंगांच्या मध्ययुगीन महाकाव्यात जीगफ्रीड ही वस्तू आल्बेरिश नावाच्या बुटक्याकडून मिळवतो आणि ती धारण केली की अदृश्य होतो. आजच्या जर्मनमध्ये ‘कापे’ म्हणजे टोपी, पण त्या काळी तिचा अर्थ होता झगा. हा अर्थबदल इतका पक्का झाला, की संगीतकार वाग्नरच्या १८६९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘दास राइनगोल्ड’मध्ये तीच वस्तू चक्क शिरस्त्राण झाली, ‘टार्नहेल्म’. झगा की टोप, हा वाद मला खोटा वाटतो. डोक्यावरून खाली सोडलेले एकच कापड दोन्ही असते आणि त्रिकोणी त्सेल्टबान पांघरलेला सैनिक नेमका तोच झगा घेऊन उभा असतो.

मराठी वाचकाला हे समजायला पुराणकथेचीही गरज नाही. घोंगडीची खोळ करून पावसात उभा असलेला धनगर, पाठीवर इरले घेऊन लावणी करणारी कोकणातली बाई. यांच्या अंगावरचे ते वस्त्र की छप्पर? दोन्ही. आणि सोंग या अर्थाने आपण शिवलेला कपडा वापरत नाही, पांघरूण वापरतो. वेड पांघरूनच पेडगावला जाता येते. वेड अंगात घालून कुणी गेलेले नाही. संस्कृत कोशाने इटलीचा तंबू सिद्ध होत नाही, हे उघड आहे आणि तसा दावाही नाही. पण लपणे म्हणजे आधी छताखाली जाणे, ही समजूत छद्म या शब्दात जशी साठली आहे, तशीच ती त्या कापडातही साठली आहे.

म्हणून संग्रह लावताना क्रम बदलावा. अंगरखे आणि खोळी समोर, तंबूचे पन्ने घडी घालून तळाशी, ही रीत इतिहासाला उलटी टांगते. अंगरखा उलटा करून कापडाची आतली बाजू पाहावी, खोळीच्या कडेला एखादा अनाथ आकडा उरला आहे का ते शोधावे, आणि मांडणीत पहिली जागा द्यावी ती गुंड्या-काजांच्या त्या त्रिकोणी पन्न्याला. तंबूच्या कुळातले इतर सगळे त्याच्यातून कापलेले आहे.