गुंठाभर जागेचा इतिहास

जमिनीचे तुकडे होऊ नयेत, हा विचार मुळात शेतकऱ्याच्या काळजीपोटी आला. चार एकर चार भावांत वाटले की एकेकाला एक; पुढच्या पिढीत तोही नाही. औत वळवायलाही जागा उरत नाही. म्हणून 1947 साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदीचा कायदा झाला. आमचं बेळगाव 1956 पर्यंत त्याच राज्यात होतं, त्यामुळे मला तो परका वाटत नाही.

पुढे महाराष्ट्रात शहरं वाढली. शेतात घरं उभी राहिली, पण सातबाऱ्यावर ती शेतंच राहिली. घराला गुंठा पुरे, 33 फूट लांब, 33 फूट रुंद. कायद्याच्या लेखी मात्र तो तुकडा! मग व्यवहार स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर होऊ लागले. भिंती उठल्या, पण सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणून कर्ज नाही, बांधकामाची परवानगी नाही. घरधनी गेला तर मागे राहिलेल्या बाईच्या हाती एवढा नोटरीचा कागद.

2017 मध्ये बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून असे व्यवहार नियमित करायची सोय झाली. गुंठा घेणाऱ्याकडे एवढे पैसे कुठले? नंतर ते 5 टक्क्यांवर आले, आणि 2025 मध्ये शहरी वस्त्यांसाठी शुल्कच गेलं.

हे शहाणपण उशिरा आलं, तरी बरंच झालं. नांगरासाठी केलेला नियम चुलीला लावायचा नसतो. पण नुसतं नाव लागल्याने गल्ली रुंद होत नाही की गटार येत नाही. तुकडे मान्य केलेत, तर आता त्यांच्यामधला रस्ताही आखून द्यायला हवा.