शॉकने मृत्यू : अंगावर खूण नसली तरी तपास कसा होतो?

दुधनी (सिल्वासा) : पावसाळा सुरू झाला की तुटलेली तार, ओली भिंत, विहिरीवरची मोटार यांतून करंट लागून माणसं दगावतात. अनेकदा अंगावर साधा ओरखडाही नसतो. मग 'अटॅक आला असेल' म्हणून पीएम न करताच अंत्यविधी उरकला जातो. मृत्यूचं खरं कारण कागदावर येत नाही, भरपाईचा दावा लंगडा पडतो आणि सदोष तार पुढच्या माणसासाठी तशीच राहते.

करंट जीव कसा घेतो?

घरातला पुरवठा 230 व्होल्टचा असतो, पण जीव जातो तो शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहाने. साधारण 1 मिलीअँपिअरला मुंग्या येतात. 10 ते 16 ला हाताचे स्नायू आखडतात आणि तार सोडता येत नाही. 'तारेने धरून ठेवलं' म्हणतात ते हेच. त्यापुढे छातीचे स्नायू आखडून श्वास अडकतो. 75 ते 100 च्या आसपास हृदय ठोके सोडून नुसतं थरथरू लागतं, रक्त पुढे जात नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येतो.

कोरडी कातडी करंटला बराच अडवते. ओल्या अंगाचा विरोध 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो, म्हणजे त्याच 230 व्होल्टला 230 मिलीअँपिअर. म्हणून पावसात धोका वाढतो.

11 हजार व्होल्टच्या लाइनची गोष्ट वेगळी. तिला हात न लावता, नुसतं जवळ गेल्यानेही ठिणगी उडी मारते. खोल भाजतं, माणूस उंचावरून फेकला जातो. वाचलेल्यांनाही जळालेल्या स्नायूंमुळे पुढच्या दिवसांत किडनी निकामी होण्याचा धोका राहतो.

पीएममध्ये काय पाहतात?

करंट शिरला त्या जागी लहान, कडक, मधे खोलगट आणि कडा उचललेला डाग असू शकतो. भोवती फिकट कडं असतं. तो बहुतेकदा बोटांवर, तळहातावर किंवा तळपायावर सापडतो. तारेच्या धातूचे कणही कातडीत उतरतात. ते प्रयोगशाळेत तपासता येतात. वीज कोसळून मृत्यू झाला असेल तर कधी कधी अंगावर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते, पण ती काही तासांत पुसट होते.

अडचण अशी की पाण्यात किंवा ओल्या अंगाला शॉक लागला तर डाग बहुधा उमटतच नाही. उलट, मृत शरीराला तार लावली तरी तसाच डाग पडू शकतो. त्यामुळे एकट्या डागावर निकाल देता येत नाही. खून किंवा आत्महत्येची शक्यताही तपासावी लागते.

म्हणून घटनास्थळ महत्त्वाचं

तार, मोटार, स्विच, अर्थिंग, मृताचे कपडे आणि चपला आहेत तशा राहू द्याव्यात. मेन बंद केल्यावर फोटो काढावेत. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा करतात. वीज कायदा 2003 च्या कलम 161 नुसार अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि चौकशी होऊ शकते.

मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ठरवलं की रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस मेला तर पुरवठा करणारा जबाबदार. 'कुणीतरी वीजचोरीसाठी तार टाकली होती' हा बचाव तिथे चालला नाही.

सीमेवर दाद कुणाकडे?

जिथे अपघात झाला तिथली पुरवठा कंपनी पाहावी. दादरा-नगर हवेलीत 2022 पासून टोरेंट समूहाकडे वितरण आहे, वलसाडमध्ये दक्षिण गुजरात वीज कंपनी, तर पालघरमध्ये महावितरण. घातपात किंवा निष्काळजीपणाचा संशय असेल तर हद्दीच्या कारणावरून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो.

कुटुंबाने पीएम अहवाल, पंचनामा आणि निरीक्षकाचा अहवाल, तिन्हींच्या प्रती मागून घ्याव्यात.

आधी जीव वाचवा

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. उच्च दाबाची लाइन असेल तर ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच राहा, सुकी काठीही तिथे कामाची नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि 108 ला फोन लावा.