पंगतीचीं भांडीं आणि तांब्याचा कांटा



पंगतींत बसल्यावर आपलें लक्ष पानाकडे असतें. तें अन्न ज्या पातेल्यांत शिजलें त्याकडे क्वचितच जातें. मग तें पातेलें विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याची आठवण कोणास होणार? आज त्याच्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

मुंबईंत पायधुणीजवळ तांबाकांटा नांवाचा भाग आहे. कांटा म्हणजे तराजू. तांबें तोलण्यावरून हें नांव पडलें. एकोणिसाव्या शतकांत मुंबादेवीच्या तलावासमोरील तांब्याच्या बाजाराची ख्याति त्याच्या गोंगाटाबद्दल होती. तो तलाव आज नाहीं. धातु बहुतेक परदेशची. सतराव्या शतकांत डच व्यापारी जपानचें तांबें सुरतेस उतरवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनी कॉर्नवॉलच्या खाणींतील तांबें आणूं लागली. बंदरांतून तें घाटावर चढे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत त्याचे हंडे, घंगाळें, बंब आणि पराती होत. तेथील तांबटांचे पूर्वज पेशवाईंत कोंकणांतून आले असें सांगतात.

या व्यापाराचा कणा म्हणजे वजन. भांडें नगावर विकलें जात नसे, तोलून विकलें जाई. धातूचा भाव निराळा, घडणावळ निराळी. झिजलें, फुटलें कीं तें पुन्हां कांट्यावर चढे आणि मोडीच्या भावानें त्याचे पैसे वळते होत. घडणावळ बुडे, भावांत थोडी घट येई, इतकेंच. या मोडीवर मीं वर्गांत पुष्कळ गणितें घातलीं. मुलांना तीं अवघड जात. त्यांच्या आज्यांना तोंडपाठ असत!

म्हणून मोठें पातेलें हें हत्यारही असे आणि ठेवही. १८५६ पासून मुंबईंत कापडाच्या गिरण्या चालूं लागल्या. कोंकणांतून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळींत जेवूं लागले. अशा अनेक खाणावळी बायका चालवीत. वीस माणसांचें दोन वेळचें शिजवावयाचें तर आधीं भांडीं हवींत, म्हणजे पदरचें बरेंचसें भांडवल तांब्यापितळेंत अडके. अडचण आली कीं तेंच भांडें गहाण जाई. पण भांडें गेलें कीं चूल थंड, आणि चूल थंड झाली कीं कर्ज फेडावयाचें कशानें? ठेव मोडली कीं धंदाही मोडे. कांट्यावरील हिशेबांत ही गोष्ट कोठेंच मांडलेली नसे.

शिवाय कल्हई. आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेंत कळकतो. म्हणून नवसागर आणि कथील घेऊन बसणारा कल्हईवाला खाणावळीला वरचेवर लागे.

या खर्चावर ॲल्युमिनिअमनें घाव घातला. १८९८ मध्यें मद्रासच्या कलाशाळेंत ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनिअमचीं भांडीं करविण्यास आरंभ केला. १९४३ मध्यें केरळांतील अलुपुरम् येथें ही धातु देशांतच निघूं लागली. भांडें हलकें, स्वस्त, बिनकल्हईचें. आचाऱ्याच्या खांद्याला तर केवढा आराम! मीही त्याला दोष देणार नाहीं. नंतर स्टील आलें. न गंजणारें पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनीं १९१३ मध्यें तयार केलें होतें. आपल्या हॉटेलांत तें सर्रास दिसूं लागावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. स्टीलचीं भांडींही पुष्कळ दुकानांत किलोवरच मिळतात, परंतु मोडीला तांब्याचा भाव त्यांना कोठला?

आमच्या वाड्यांत वर्गणींतून घेतलेलें एक पितळी पातेलें होतें. लग्नामुंजींत घरोघर फिरे. कांठावर वर्गणीदारांचीं नांवें कोरलेलीं. वाडा पाडावयाचा ठरला तेव्हां तें मोडीत घालण्याचें काम माझ्याकडे आलें. दुकानदारानें चष्मा लावून सगळीं नांवें मोठ्यानें वाचलीं, कोण कोण आहेत म्हणून विचारलें, आणि मग पातेलें कांट्यावर ठेवलें.