कुंपण नसलेली बाग

आमच्या घरचा पिढीजात धंदा माडीचा. पणजोबा पहाटे कमरेला कोयता लावून माडावर चढत. कुठला माड कधी तासायचा हे त्यांना खोडावरच्या खाचांवरून कळे. जुहू तेव्हा वाळूचा एक लांबट पट्टा होता, साष्टीपासून खाडीने तुटलेला. ओहोटी लागली की पाय भिजवत पलीकडे जायचं, भरती आली की गप्प बसायचं.

१९२४ च्या मार्चमध्ये गांधीजी इथे आले. ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन, मग येरवड्याच्या शिक्षेतून सुटका आणि विश्रांतीला नरोत्तम मोरारजींचा जुहूचा बंगला. हे सांगताना आजोबा हटकून डोळे मिचकावत. "दारूला हात लावू नका म्हणणारा महात्मा खाली फेऱ्या मारतोय, आणि वर माझा बाप माडी काढतोय!" गोष्ट दर वेळी थोडी वाढायची. धंदा मात्र पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने बसलाच.

आजोबांच्या स्वतःच्या गोष्टी विमानांच्या. १९२८ मध्ये इथे विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल व्हायचा. मोठी विमानं सांताक्रूझला गेल्यावरही काही वैमानिक चुकायचेच: १९५३ मध्ये एक कॉमेट, १९७२ मध्ये जपानचं डीसी-८. सांताक्रूझ समजून उतरले जुहूला! आजोबा दोन्ही वेळा बघायला धावले.

या विमानतळाला पुष्कळ लोक जागेची नासाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच्यामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली आणि आमच्या वाट्याला थोडं आभाळ उरलं. बागा नंतर झाल्या. इर्ल्याच्या नाल्याजवळ कैफी आझमींच्या नावाचं उद्यान आहे, तिथे म्हाताऱ्यांची बैठक जमते. पण बागेला फाटक असतं, फाटकाला वेळ असते. किनाऱ्याला दोन्ही नाही. सकाळी हास्यक्लब, दुपारी कॉलेजची जोडपी, संध्याकाळी भेळ, भाद्रपदात गणपती, कार्तिकात छठ. पावसाळ्यात समुद्र आपलंच प्लास्टिक आपल्याला परत करतो, तेही सगळ्यांना सारखंच.

ओहोटीला खडक उघडे पडले की 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी लोकांना घेऊन फिरतात. एकदा आत्याला नेलं. गुडघाभर डबक्यात रंगीत फुलासारखा समुद्री जीव होता, हात लागताच मिटणारा. सोबतच्या मुलीने तो किती नाजूक, त्याच्यावर पाय का देऊ नये, हे मन लावून समजावलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, शेजारच्या खडकावरची कालवं नजरेनेच मोजली आणि विचारलं, "बाय, ही तरी काढू देतात ना?"