पटपडगंज : एका नावाची गोष्ट

नोकरीनिमित्त दिल्लीत आलो आणि यमुनेपलीकडे पटपडगंजच्या एका सोसायटीत बिऱ्हाड थाटले. पहिल्यांदा पत्ता सांगितला तेव्हा आई हसून म्हणाली, "अरे, पटपड म्हणजे काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते दिले ऑफिसातल्या एका उत्तर प्रदेशी सहकाऱ्याने. पटपर किंवा पटपड म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि पुढे रब्बी पिकवणारी. गंज म्हणजे धान्याचा बाजार. इतके साधे नाव!

पण आपल्या इतिहासात हे नाव एका लढाईचे आहे. महादजी शिंद्यांनी दिल्लीत बसवलेला अंमल १८०३ मध्ये दौलतरावांच्या नावाने चालू होता. ते स्वतः दक्षिणेत होते. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. मुख्य सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. उरलेल्या पलटणी घेऊन लुई बुर्किन हा दुसरा फ्रेंच सरदार यमुना ओलांडून अलीकडे आला.

११ सप्टेंबरला जनरल लेकशी गाठ पडली. दोन्ही बगलांना दलदल आणि पुढे तोफा, अशी आपली जागा बळकट होती. लेकने घोडदळ मागे घेऊन माघारीचा बहाणा केला. आपले लोक जागा सोडून पुढे आले आणि फसले. ६८ तोफा गेल्या. मागे फिरावे तर पाठीशी यमुना! कित्येकजण त्यात बुडाले. पटपड या शब्दाचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. १६ सप्टेंबरला लेक शाह आलम बादशहाला भेटला आणि दिल्लीवरचा मराठी अंमल संपला.

लेकच्या विजयाचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आहे. मेलेल्या शिपायांची नावे मात्र आपल्यालाही ठाऊक नाहीत. या 'मराठी' पलटणींत अवध आणि दोआबातले पुष्कळ लोक होते. माझ्या त्या सहकाऱ्याचा एखादा पूर्वजही त्यांत असेल. म्हणजे हा इतिहास आपल्या एकट्याचा नाही, शेजाऱ्यांचाही आहे.

लढाई झाली तेव्हा भाद्रपदच होता, पितृपक्षाचे दिवस. यंदा बाप्पांना निरोप दिल्यावर पितृपक्षात आपल्या पितरांबरोबर त्या अनामिकांसाठीही एक ओंजळ पाणी सोडू या.