पुणें शहरांतील टाकाऊ वस्तूंचा इतिहास

पुण्याच्या कसबा पेठेंत कागदीपुरा नांवाची वस्ती आहे. नांव राहिलें, धंदा गेला. पेशवाईच्या काळीं दप्तरांना लागणारा जुन्नरी कागद प्रसिद्ध होता, आणि एकोणिसाव्या शतकांत पुण्यांतही कागदी लोक हातकागद करीत असत. त्यांचा कच्चा माल म्हणजे टाकून दिलेलें गोणपाट. वाण्याकडून त्याचे जीर्ण तुकडे विकत घ्यावयाचे, बारीक तोडून चुन्याच्या पाण्यांत भिजत टाकावयाचे, पायानें दाबून उचलावयाच्या जड मुसळाखालीं कुटावयाचे, नदीवर नेऊन धुवावयाचे आणि पुनः कुटावयाचे. हा क्रम कित्येक दिवस चाले. मग तो लगदा हौदांत कालवून काड्यांच्या झिरझिरीत पडद्यावर एकेक ताव उचलीत, गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवीत, वर खळ देत आणि घोटून चकचकीत करीत. जुन्या पोत्यांवरच हिशेबाच्या वह्या लिहिल्या गेल्या असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि ही विद्या मागें पडली.

हें उदाहरण आरंभीं घेण्याचें कारण असें कीं, टाकाऊंतून टिकाऊ निर्माण करण्याची कल्पना आपणांकडे अलीकडेच परदेशांतून आली, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत दिसते. वस्तुतः जुन्या मराठी घरांत वस्तु एकदम टाकली जात नसे. ती एकेक पायरी खालीं उतरे. नऊवारी लुगडें विरलें कीं त्याची वाकळ होई. वाकळ फाटली कीं तिच्या आंतील धड तुकडे बाळाच्या दुपट्यास लागत, आणि अगदीं शेवटीं चूल सारवण्याचें पोतेरें उरे. चुलींतील राख भांडीं घासण्यास व नारळाची शेंडी त्या राखेबरोबर हातांत धरण्यास. खरकटें गाईपुढें, आणि उरलें सुरलें उकिरड्यावर. तेंही पावसाळ्यापूर्वीं शेतांत जाई. या काटकसरीचा आज मोठा गौरव होतो. तो करणारांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, ती बव्हंशीं दारिद्र्यांतून आली होती, आणि वाकळेचे टांके घालणारे हात रात्रीं कंदिलाच्या उजेडांत दिवसभराचें काम उरकून बसलेले असत.

घरांत ज्याचें कांहीं होत नसे, त्याला बाहेर वाट होती. फुटकें तांब्यापितळेचें भांडें ‘मोड’ म्हणून वजनावर घालावयाचें आणि वर कांहीं रक्कम देऊन नवें घ्यावयाचें, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. पुण्यांत तांबट आळीच्या कारागिरांकडे ती मोड पुनः भट्टींत व हातोड्याखालीं जाई. आजीचा हंडा नातीच्या रुखवतांत घागर होऊन येई. जुन्या कापडाला बोहारीण होती. माझ्या लहानपणीं ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारच्या निवांत वेळीं येत असे. “बाई, एवढ्यांत पातेलें नाहीं बसत, एक धोतर आणखी टाका!” असा घोळ अर्धा अर्धा तास चाले. आमच्या मातोश्री या व्यवहारांत पक्क्या, पण बोहारीण त्यांच्याहून पक्की. कापड हातानें ताणून, उन्हाकडे धरून, शिवण किती दिवस टिकेल हें ती क्षणांत सांगे. तें कापड धुऊन, सांधून गरिबांच्या अंगावर जाई. मंगळवार पेठेंतील जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरत आला, तेथें अशा पुष्कळ वस्तूंना दुसरा जन्म मिळाला. आम्हां शिक्षकांना अप्पा बळवंत चौक अधिक जवळचा. तेथें गेल्या वर्षींचें भूमितीचें पुस्तक निम्म्या किंमतीला मिळे, आणि पहिल्या मालकानें समासांत लिहिलेलीं उत्तरें फुकट!

नगरपालिकेच्या काळीं शहराचा मैला राख व केर यांशीं मिसळून सोनखत केलें जाई आणि आसपासचे बागाईतदार तें उसास घालीत. तें काम कोणत्या जातींच्या माथीं मारलें होतें, हें निराळें सांगावयास नको. टाकाऊ वस्तूंच्या इतिहासांत ही बाजू वगळली तर तो इतिहासच राहत नाहीं.

पुढें बदल झाला तो वस्तूंत आणि माणसांत, दोहोंत. प्लॅस्टिक आलें, बंद डबे आले, वर्तमानपत्रें वाढलीं. वाडे पडून इमारती झाल्या व उकिरड्याच्या जागीं रस्त्यावरची कचराकुंडी आली. १९७२ च्या दुष्काळानें खेड्यांतून उठून आलेलीं अनेक कुटुंबें शहरांत पोटाचा मार्ग शोधूं लागलीं. त्यांतील कित्येक दलित स्त्रियांना या कुंड्यांत तो मार्ग सांपडला. पहांटे निघून कागद, कांच, पत्रा वेंचावयाचा, निवडावयाचा, भंगारवाल्यास घालावयाचा. ज्या वस्तु कारखान्यांत पुनः कामास येत, त्या यांच्याच हातांतून जात. पण लोक यांना चोर समजत, आणि पोलिसांचा ससेमिरा निराळाच.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या या स्त्रियांपर्यंत पोंचल्या. त्यांत पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण या प्रमुख होत्या. त्यांची पहिली सूचना साधी होती: गृहिणींनीं सुका कचरा निराळा ठेवावा, म्हणजे या बायकांस घाणींत हात घालावा लागणार नाहीं. कांहीं वस्त्यांत तसें सुरूही झालें. तोंच एक खाजगी कंत्राटदार मोटार घेऊन दारोदार कचरा नेऊं लागला. बायका त्या गाडीपुढें उभ्या राहिल्या. कचरा टाकल्यावर तो कोणाचा, हा प्रश्न पुण्याच्या रस्त्यावर तेव्हां प्रथमच असा रोखठोक विचारला गेला असावा. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें मे १९९३ मध्यें मेळावा भरला आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. त्याच दशकांत महानगरपालिकेनें सदस्यांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. ओळखपत्र ही आपणांस क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु जिला पोलीस केव्हांही हटकीत, तिला त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याची किंमत विचारावी.

२००० सालीं केंद्र सरकारच्या नियमांनीं घरोघर कचरा गोळा करणें नगरपालिकांवर बंधनकारक केलें. नियम चांगला, पण कुंड्या गेल्या तर कुंड्यांवर जगणाऱ्यांचें काय? पंचायतीनें उत्तर शोधलें तें असें कीं, घरोघरचें काम याच स्त्रियांनीं करावें. त्यांतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली व २००८ मध्यें तिचा महानगरपालिकेशीं करार झाला. घरधनी दरमहा शुल्क बाईच्या हातीं देतो, आणि सुक्या कचऱ्यांतील विकाऊ मालाचें उत्पन्नही तिचेंच. तीन हजारांहून अधिक लोक या कामावर आले. कराराची मुदत सरली कीं यंत्रें व मोठे कंत्राटदार यांची भाषा पुनः ऐकूं येई, आणि या बायकांस पुनः महानगरपालिकेच्या दारीं जावें लागे.

त्यांच्या हाताखालून जाणारा माल मात्र दिवसेंदिवस बिघडत चालला आहे. पितळेच्या हंड्यास मोड होती, लुगड्यास बोहारीण होती, वर्तमानपत्रास रद्दीवाला आहे. परंतु बिस्किटाच्या व चिवड्याच्या पुड्याचा जो चकचकीत, अनेक पदरी कागद असतो, त्याचे पदर सुटे होत नाहींत आणि भंगारवाला तो घेत नाहीं. संडासच्या कचऱ्याबरोबर आलेले कपडे व पॅड तर हातांनीं ओळखावे लागत. म्हणून ते वर्तमानपत्रांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी विनंति या स्त्रियांनीं घरोघर केली. कांहीं घरें ठिपका काढतात, कांहीं काढीत नाहींत. सकाळीं जिन्याशीं ती बाई पिशवी उघडून बसते, तेव्हां कोणतें घर कोणतें, हें तिला नांवाच्या पाटीवांचून कळतें.