रझाकार म्हणजे स्वयंसेवक

‘रझाकार’ म्हणजे स्वखुशीने काम करणारा. आमच्या उस्मानपुऱ्यात सतरा सप्टेंबर जवळ आला की हाच शब्द शिवीसारखा कानावर पडतो.

लातूरचे वकील कासिम रझवी यांनी मजलिसची ही स्वयंसेवक फौज वाढवली. निजामाचे संस्थान भारतात विलीन होऊ नये, हा हेतू. कवायत होती, शपथ होती. हातात मात्र बहुतांशी तलवारी, भाले, ठासणीच्या बंदुका. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा रणगाडे घेऊन आल्या, दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद पडले, 17 ला निजाम शरण. लढाईतली कामगिरी एवढीच. त्याआधी खेडोपाडी निःशस्त्र लोकांवर केलेले अत्याचार खरे आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही.

पण ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी हैदराबादेत कोणाला मारले? ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना. ते विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. त्यांचे नाव आमच्या घरांतही फारसे निघत नाही, याचे वाईट वाटते.

कारवाईनंतरच्या हिंसेत 27 ते 40 हजार माणसे गेली, असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत कहर झाला. मेलेल्यांत भाला कधी हातात न धरलेले कितीतरी मुसलमान होते. रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटले आणि पाकिस्तानात गेले.